सगळ्यात नवा

२ नोव्हेंबर

आज दुपारी भोजराजकाकांच्या हॉलमध्ये पाय टाकला, समोर निळा उजेड दिसला, आणि त्या घटकेला माझं सगळं बदललं. मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो. उद्या कोणी विचारलं की प्रीतम, तू माणसात कधी आलास, तर तारीख शोधायला नको. कालपर्यंत मी कटंगीच्या बस स्टँडवर उगाच उभा राहणारा पोरगा होतो. बी.एस्सी. अर्धवट टाकलेली. आई म्हणायची, कोंबड्याले तरी सकाळी आरवायचं काम असते, तुले काय आहे? आजपासून माझ्या हाताखाली समुद्र आहे. बालाघाटात समुद्र!

टाकी भिंतभर लांब, माझ्या छातीएवढी उंच. आत खडकांचा डोंगर रचलेला, त्याच्या कपारीकपारींतून मासे ये-जा करतात. नागपूरला कॉलेजपेक्षा जास्त वेळ मी मत्स्यालयाच्या एका दुकानात काढला, पण तिथेही खाऱ्या पाण्याची एवढी टाकी नव्हती. दुकानाचा मालक म्हणायचा, गोड्या पाण्यातला मासा म्हणजे भाडेकरू आणि खाऱ्या पाण्यातला मासा म्हणजे जमीनदार. जागेवरून जीव घेईल. काकांचीही तीच तक्रार. मासे एकमेकांना फाडून राह्यले, नागपूरहून आणलेला नवा मासा आठवडा काढत नाही. ते म्हणाले, तू फक्त भांडणं मिटव, बाकी टेंशन मत ले.

काकांची राइस मिल आहे, ती ते घरबसल्या फोनवर चालवतात. घर गावाच्या टोकाला, मागे धानाच्या बांध्या, कापणी चालू. घरात काका आणि गोदाकाकू, दोघंच. मला हॉलला लागून खोली दिली. गंमत म्हणजे खोलीची हॉलकडची भिंत विटांची नाहीच. मिलमध्ये तांदूळ चाळायचे लोखंडी पत्रे असतात ना, बारीक भोकांचे, ते उभे ठोकलेत. पलंगावर पडल्या पडल्या भोकांतून टाकी दिसते. काका म्हणाले, हवा खेळते. खिडकीला जाड गज, दार एकच, तेही हॉलमध्ये उघडणारं, आतून कडी.

काकूंनी वरण-भात, वांग्याची भाजी वाढली आणि वाढतच राहिल्या. पोटभर खाय बापा, इथं अंगात ताकद लागते म्हणाल्या. मासे सांभाळायला कसली ताकद, मी म्हटलं. काकू हसल्या नाहीत.

आम्रपालीला फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. तिला हे सगळं सांगायचं होतं. तर मग इथे लिहितो.

५ नोव्हेंबर

टाकीतला गुंड सापडला. जांभळा, ताटलीसारखा चपटा, तोंड पुढे काढलेला. मी त्याचं नाव सरपंच ठेवलं. या जातीच्या माशाच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक पातं असतं, वस्तऱ्यासारखं. तो चावत नाही. शेजारून जातो, अंग वळवतो आणि शेपटीने कापून जातो. ज्याला कापलं त्याला कळेपर्यंत हा पुढे.

आज नागपूरहून पिवळा मासा आला, तिचं नाव पिवळी. त्याच अंगाचा, त्याच चपट्या घडणीचा. असे दोघे एका टाकीत म्हणजे भांडण ठरलेलं, कारण परक्या घडणीच्या माशाला हे एक वेळ सोडतात, पण आपल्यासारख्या दिसणाऱ्याला नाही. म्हणून मी पिवळीला सरळ सोडलं नाही. भोकांचा पारदर्शक डबा टाकीत टांगला आणि तिला त्यात ठेवलं. जुने येऊन धडका देतात, वास घेतात, पण मारू शकत नाहीत. काही दिवसांनी कंटाळतात. आत घालताना टाकीचा दिवा बंद ठेवायचा. खाणं दोन कोपऱ्यांत टाकायचं. गुंडासमोर काचेला आरसा लावला की तो स्वतःशीच भांडत बसतो.

हे सगळं काका खुर्ची ओढून ऐकत होते. एवढ्या आस्थेने माझे सरसुद्धा शिकवत नसत. त्यांनी विचारलं, जुने नव्याले कधी आपला मानतात? मी म्हटलं, त्याच्यापेक्षा नवा कोणी आला की. मार नेहमी सगळ्यात नव्याला पडतो. त्यांनी विचारलं, आन् तो नवा मेला तर? मी म्हटलं, मग त्याच्या आधी आलेल्याचा नंबर.

काका मान हलवत राहिले. धडा पाठ असलेल्या पोरासारखे.

९ नोव्हेंबर

रविवार. फार एकटं वाटलं. नदीवर जाऊन आलो. पुलावर जोडपी फोटो काढत होती. मागे एकदा आम्रपाली आणि मी गोंदियाच्या गाडीत दारात बसलो होतो, ती पाय खाली सोडायची आणि मी तिची ओढणी मुठीत धरून ठेवायचो. ती म्हणाली होती, तुह्या रागाचं मले भेव नाही, पण तो निवायची वाट पाहता पाहता मी म्हातारी होईन. मग तिने फोन उचलणं सोडलं. मी कॉलेज सोडलं. तिला वाटलं मी तिच्यामुळे सोडलं. तसंच आहे, पण तिला तसं वाटायला नको होतं.

या घरची एक तऱ्हा लिहितो. काका-काकू घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. लग्नाची पत्रिका आली, गेले नाहीत. दूधवाला फाटकाशी हाक मारतो, दूध मी आणतो. मला मात्र दिवसातून चारदा पिटाळतात. जाय, पान घेऊन ये. आलो की, अरे कोथिंबीर राहिली. परत आलो की, काडेपेटी. आज मी भडकलो, म्हटलं एकदाच सगळं सांगा ना, मी काय भोवरा आहे का. काका खो-खो हसले. “गरम आहे रे लेकाचा! असाच पाहिजे, असाच पाहिजे!” आणि वर, “जाय, आता चुना घेऊन ये.”

दुसरं. काकू रोज दोन ताटं वाढून ठेवतात. एक माझ्या खोलीच्या दाराशी, एक जिन्याच्या पायथ्याशी. मांजर आहे का, विचारलं. म्हणाल्या, हौ, मांजरच समज.

१२ नोव्हेंबर

भरदुपारी घडलं म्हणून भास म्हणायची सोय नाही.

चौकातून दही घेऊन आलो. हॉलमध्ये शिरलो तर टाकीतले सगळे मासे एका कोपऱ्यात गोळा झालेले, एकावर एक, सरपंचसुद्धा. सगळ्यांची तोंडं जिन्याकडे. पंप बंद पडला असेल म्हणून मी पुढे झालो. माझ्या शेजारून कोणीतरी गेलं. वारा नाही, आवाज नाही, नुसतं अंगाला अंग घासून गेल्यासारखं, गर्दीच्या बाजारात जातं तसं. खाली पाहिलं तर पोटरीवर रेघ. सरळ, बारीक. आधी पांढरी, मग हळूहळू लाल.

पँटही तेवढीच कापलेली. कुठे खिळा नाही, पत्रा नाही. काकूंनी न विचारता हळद आणली. त्यांची बाही वर सरकली. कोपरापासून मनगटापर्यंत तशाच रेघा. जुन्या, पांढऱ्या.

मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, विळीनं लागलं होतं.

१५ नोव्हेंबर

आणखी दोन रेघा. एक खांद्यावर, एक टाचेच्या वर. दोन्ही वेळा बाहेरून आलो तेव्हाच. खोलीत मात्र काही होत नाही. पलंगावर बसलं की भोकांपलीकडे काहीतरी थांबल्यासारखं वाटतं, मग सरकतं. पत्र्याची भोकं एका टोकापासून ओळीने झाकत जातात आणि ओळीने उघडत जातात.

पिवळीला डब्यातून सोडलं, सरपंचाने पहिल्याच फेरीत तिचा पर चिरला. माझं डोकं फिरलं. सरपंचाला जाळीत धरला आणि मागच्या अंगणात वेगळ्या टबात टाकला. दुकानात याला जेल म्हणायचे. बस तिथे.

काकांना स्पष्ट विचारलं, माझ्याआधी इथे कोण होतं. म्हणाले, तिरोडीचा राजू. टिकला नाही. म्हणजे पळाला? काका म्हणाले, “पायानं गेला असता तर पळाला म्हटलं असतं.” आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

सामान बांधलं होतं. मग सोडलं. कॉलेजातून निघालो, दुकानातून निघालो, तिच्या फोनमधून निघालो. आता एका घरातली न दिसणारी चीज मला काढणार? काढून दाखव म्हणावं. यावेळी मी टिकणार. ती विचारेल तेव्हा एक तरी गोष्ट अशी पाहिजे की जी मी टाकून आलो नाही.

१८ नोव्हेंबर

दोन दिवस ताप. खोलीतून, घरातून कुठेच गेलो नाही. दोन दिवस एकही रेघ नाही.

आज सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या. मी उठू शकत नव्हतो, म्हणून काकू फाटकापर्यंत गेल्या. परत आल्या आणि उंबऱ्याच्या आत किंचाळल्या. दुधाचं भांडं हॉलभर गेलं. हात वर करून तोंड झाकत होत्या आणि हातांवर रेघा उमटत होत्या. एक. आणखी एक. मारणारा कोणी नाही.

काका वरून धावत आले. काकूंकडे नाही, माझ्या दाराशी आले. “उठ! चौकात जाऊन ये! आत्ताच्या आत्ता!” मी म्हटलं काका, तिकडे बघा. ते म्हणाले, “तिलेच वाचवून राह्यलो ना! जा म्हणतो!” आणि काकू तिथून, रक्ताच्या हातांनी मला जोडून, “जाय बापा. नुसता जाऊन ये.”

मी तापात, लुंगीवर, फाटकाबाहेर गेलो आणि परत आलो.

काकूंचं थांबलं. माझं सुरू झालं.

२० नोव्हेंबर

सरपंचाला आज टाकीत परत सोडलं आणि सगळं लख्ख कळलं.

बोटाएवढ्या माशांनी त्याला हाणला. ज्यांना तो जन्मभर मारत होता त्यांनी. कारण काही दिवस बाहेर राहून परत आलेला मासा जुना राहत नाही. त्याची गणती पुन्हा शेवटून पहिली. तो सगळ्यात नवा.

पान. कोथिंबीर. काडेपेटी. चुना.

काकू तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसलो आणि म्हटलं, मी तुमच्याकडे मासे सांभाळायला नाही आलो ना? त्यांनी खडा बाजूला टाकला आणि सांगितलं. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. हे घर महागूने बांधलं, काकांच्या थोरल्या भावाने. टाकीही त्याचीच हौस. एकटा जीव, धाकट्याला उंबऱ्यात उभा करत नसे. तीन वर्षांमागे जिन्याच्या पायथ्याशी पडला आणि गेला. मग हे दोघं राहायला आले. पहिल्या दिवसापासून मार. काकांना नाही, काकूंना, कारण काका पुढे होते आणि काकू त्यांच्या मागून उंबरा चढल्या होत्या. मग कोणी पाहुणा आला की त्या दिवशी काकूंना सुटका. तिथून काकांनी ओळखलं. घरात कायम एक नवा पाहिजे, आणि तो रोज नवा होत राहिला पाहिजे.

चाळणीची खोली, दुसरं ताट, जिन्यासमोरचा मोठा आरसा, ज्यात मी पहिल्या दिवशी भांग पाडला होता. सगळं टाकीवरून उचललेलं.

मी विचारलं, घर सोडून काहून नाही जात? काकू म्हणाल्या, “ते म्हणतात, माह्याबी बापाची जागा आहे, मी काहून निघू? दोघं एकाच मातीचे, बापा. एक मेला तरी भांडण सरलं नाही.” मग माझ्याकडे बघून, “महागूबी तुह्यासारखाच होता. नाकावर राग. पर मनात कोणी नव्हतं ना त्याच्या, तुह्यासारखं.”

त्यांना आम्रपालीचं मी कधीच सांगितलेलं नाही. भिंतीला भोकं आहेत. ती उचलत नाही त्या फोनशी मी रात्री काय पुटपुटतो ते ऐकू जात असणार.

२१ नोव्हेंबर

टाकीत सगळे उपाय हरले की शेवटचा उपाय करतात. खडक हलवायचे. सगळी रचना मोडायची. जुन्याची हद्द खडकांवर आखलेली असते. खडकच जागेवर नसले की त्याला कळत नाही आपलं कुठून कुठवर. तोही नवा, बाकीचेही नवे.

दुपारी काका झोपले. मी दिवाण ओढला. कपाट ढकललं. आरसा उचलून स्वयंपाकघरात नेला. जेवणाचं टेबल, महागूची आरामखुर्ची, जिन्याखालचे कणगे, सगळं ओढून भिंतींना लावलं. मध्ये हॉल मैदानासारखा मोकळा केला. हाताला रेघा पडत होत्या, मी ओरडत होतो, मार, मार, आता सांग तुझी जागा कोणती! काका जिन्यात येऊन उभे राहिले. पांढरे फटक. म्हणाले, “काय केलंस रे हे.”

२३ नोव्हेंबर

शांत!

बाहेर जाऊन आलो. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. उगाच पाच-सहा वेळा उंबरा ओलांडला, लहान पोरासारखा. काही नाही. मासे खुशाल फिरताहेत. काकू पहिल्यांदा अंगणात गेल्या, तुळशीपाशी उभ्या राहिल्या, उन्हात डोळे मिटून. परत आल्या. काही नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आणि आम्रपालीने फोन उचलला.

ती म्हणाली, हॅलो तरी म्हण ना बयताडा. मी तिला समुद्राचं सांगितलं, सरपंचाचं सांगितलं. ती हसली. तिचं नर्सिंगचं दुसरं वर्ष आहे. बुधवारी मावशीकडे बालाघाटला येणार आहे. मी म्हटलं इथे ये, मासे दाखवतो. ती म्हणाली, दहा मिनटं येईन, आन् भांडला तर दोनच.

आज जेवण गोड लागलं.

२५ नोव्हेंबर

दुकानाच्या मालकाचं एक वाक्य आज आठवलं. आठवायचं ते दोन दिवस आधी आठवत नाही. खडक हलवताना कपारी ठेवायच्या. जास्त ठेवायच्या. लपायला जागा नसेल आणि सगळं मोकळं असेल, तर ज्याचा राग मोठा तो सगळीच टाकी आपली धरतो.

मी हॉल मैदानासारखा मोकळा केला होता.

सकाळी मासे खडकाच्या मागे. खायलासुद्धा आले नाहीत. दुपारी काका वरच्या मजल्यावर कापले गेले. वर महागू कधीच जात नसे. संध्याकाळी माझं दार नुसतं लोटलेलं होतं. पलंगावर बसलो होतो. पाठीवर रेघ. खोलीत. आत.

आता आधी कोण आणि मागून कोण, तेवढाच फरक. नव्याला जास्त. बाकीच्यांना उरलेलं.

उद्या बुधवार.

२६ नोव्हेंबर, सकाळ

फोन लागत नाही. तुमसरहून कटंगीमार्गे निघाली असेल, मध्ये जंगलात रेंज नसते. मेसेज टाकला, येऊ नको. दुसरा टाकला, नाटक नाही, खरंच येऊ नको. एकच टिक.

फाटकाशी जाऊन उभा राहतो. बाहेरच्या बाहेर परत पाठवतो. नोकरी सोडतो, तिच्याबरोबरच निघतो. टिकायचं नाही मला. कशावर टिकायचं ते चुकीचं निवडलं —

२६ नोव्हेंबर

हे तुझ्यासाठी लिहितो, आमू. तू माझ्या खोलीत समोर बसली आहेस, हाताला माझा गमछा बांधून. बोललो तर तो पत्र्याशी येतो, म्हणून लिहितो. वाच. मध्ये बोलू नको.

फाटकाशी मी तुला म्हटलं जा. तू म्हणालीस, एवढ्या दुरून आली, तुह्याच्यानं एक गोष्ट शांततेनं होत नाही का रे. हौ, नाही होत. तेवढ्यात काकू ओरडल्या. काका जिन्यात पडले होते, रक्तात. मी धावलो. मी विचारच केला नाही. मी आधी आत शिरलो आणि तू —

तू नर्स. तू धावणारच. माझ्या मागून.

मागून.

तू आत आलीस आणि काकांचं थांबलं, पाहिलंस ना? उठले. मान पुसली. तुझ्याकडे बघितलं नाही. काकूंना म्हणाले, चाल. दोघं वर गेले. दार लावलं. टीव्ही ऐकू येतो आहे.

तुला कोण मारतं ते विचारू नको. या वहीत मागे सगळं आहे. बाहेर पडल्यावर वाच.

तू हॉलमध्ये पाय टाकलास तर काय होतं ते आपण पाहिलं. तुझी चप्पल अजून तिथेच आहे. दोन तुकडे. मुख्य दरवाजा त्या टोकाला. खिडकीला गज. माझा फोन धावताना फाटकाशी पडला, तुझा तिथे चपलेजवळ, ओरडलो तर मागे बांध्यांत हार्वेस्टर चालू आहे.

पत्रा आत येतो आहे. मधला. पोट फुगल्यासारखा.

मला तो जाऊ देईल. तू आहेस तोवर मी जुना.

म्हणून ऐक. मी हॉलमधून जातो. सरळ बाहेर, पायरी उतरून. मग परत आत येतो. आत आलो की सगळ्यात नवा मी. तो तुला सोडून माझ्याकडे येईल. तो आला हे तुला पत्र्यावरून कळेल, पत्रा मागे जाईल. तेव्हा निघ. माझ्याकडे बघू नको. मला उचलायला थांबू नको. नर्सगिरी करू नको. दरवाजा उघडाच ठेवतो. मावशीकडे जा.

खरं लिहितो. बाहेर गेल्यावर परत न येणं फार सोपं आहे. फाटक उघडं आहे, ऊन पडलंय. आत्ता तू माझ्याकडे बघते आहेस, तुलाही ते कळलंय. पण तू म्हणत नाहीयेस की परत ये. नुसती माझी बाही धरून बसली आहेस.

सोड.

राग नाहीये आज. अक्षर बघ.

पत्र्याचा खिळा निघाला —

वही घे. मी उठलो. दार ओढून घेतो, आतून कडी लाव, मी परत आलो की